शिक्षणमंत्री साहेब, आमच्या लेकरांचा चित्रकलेचा तास परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातला पालक. पोरगं गावातल्याच सरकारी शाळंत सातवीला आहे. वेळापत्रकात चित्रकला आहे, कार्यानुभव आहे, पण तास आला की गणित नाहीतर सरावाचे पेपर. सरांना दोष देत नाही, एकेक सर दोन-दोन वर्ग सांभाळतात, वरून रोजची ऑनलाइन माहिती भरायची, चित्रकला शिकवणार कधी?

शेजारचं एक पोरगं आहे साहेब, परीक्षेत कसंबसं काठावर पास होतं. पण सुगी झाली की ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करतं. धांडा सोलतं, साल वाकवून चाकाची धाव करतं, जोडायला बाभळीचे काटे, ना डिंक ना खिळा, आणि दोरीनं ओढली की चाकं खरंच फिरतात! आस केवढा ठेवला म्हणजे चाक डुगडुगत नाही हे त्याला हातानं कळतं. ही अक्कल मार्कलिस्टवर कुठंच येत नाही म्हणून घरचे त्याला ढ म्हणतात, ते ऐकून लई वाईट वाटतं.

लातूर पॅटर्ननं आमच्या भागातली कितीतरी गरिबाची पोरं डॉक्टर झाली, त्याचा अभिमानच आहे. पण प्रत्येक लेकरू डॉक्टरकीच्या नीट परीक्षेसाठी जन्मलेलं नसतं ना. ज्या मातीत अजिंठा-वेरूळ घडलं, नाथांची भारुडं झाली, तिथल्या पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला बसायचं तर शिकवायला कुणी नाही आणि दहावीचे वाढीव गुण शहरातली पोरं घेऊन जातात.

२००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याच्या परिशिष्टातच आहे की सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण अन् कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, द्यायचे. आणि वाडी-तांड्यावरच्या शाळंत १०० पोरं आणायची कुठून? २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तर म्हणतं की अभ्यासाचे विषय आणि कला यांत भिंतच नको. मग पटाची अट काढा, आसपासच्या शाळांच्या दर केंद्राला एक कलाशिक्षक द्या, तो आठवड्यातून एकेक दिवस एकेका शाळंत जाईल. गावातला संबळ वाजवणारा गोंधळी, कुंभार, सुतार यांना मानधन देऊन शाळंत बोलवा.

या अधिवेशनात एवढं मंजूर करा, आणि त्या तासाला दुसरा विषय घ्यायचा नाही असं परिपत्रकात लिहून द्या.

आपला,
एक पालक