लंडन मुंबईपेक्षा जवळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी विमानप्रवासाची चौकट वाचली. त्यात ‘मुंबई ते लंडन : अंतर ७,२०० किमी, वेळ ४ तास ४० मिनिटे’ असे छापले आहे. सकाळी फिरून आल्यावर आम्ही चहाला बसतो, तिथे एकाने लगेच काडी टाकली, “सोलापूरहून मुंबईला जायला वंदे भारतसुद्धा साडेसहा तास घेते. म्हणजे लंडनच जवळ झालं की!”

अंतर बरोबर आहे. वेळ कुठे घसरली तेही मला कळले, कारण जानेवारीत मुलाकडे गेलो तेव्हा माझ्या तिकिटावर हेच आकडे होते. मुंबई सुटणार १३:२०, लंडन पोहोचणार १८:००. वजाबाकी केली की ४ तास ४०. पण पहिली वेळ इथल्या घड्याळाची, दुसरी तिथल्या. हिवाळ्यात दोन्हींत साडेपाच तासांचा फरक असतो (मार्चअखेर ते लोक घड्याळ तासभर पुढे सारतात, मग साडेचारच उरतो). म्हणजे प्रवास १० तास १० मिनिटांचा. छापण्याआधी नुसता भागाकार केला असता तरी ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर वेग आला असता. आवाजाच्या पुढे पळणारे कॉन्कॉर्ड तर २००३ सालीच बंद झाले.

मी सोलापूर विभागात गार्ड होतो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच. वेळ टिपायची सवय काही जात नाही. हातातले एचएमटी लंडनमध्येही मी आपल्याच वेळेवर ठेवले होते. नातवाला त्याची भारी गंमत वाटली. डायरीत नोंद आहे : चाके सुटली १३:४८, टेकली २३:०९. आकाशात ९ तास २१ मिनिटे. उरलेली मिनिटे धावपट्टीच्या रांगेत आणि उतरल्यावर जमिनीवर फिरण्यात गेली. तिकिटावरच्या वेळेत तीही धरलेली असतात.

परतीला रात्री २१:०० ला निघून दुसऱ्या दिवशी ११:३० ला मुंबई. आपल्या चौकटीच्या हिशेबाने साडेचौदा तास! खरे नऊ. अंतर तेच, तरी तासाहून अधिक फरक, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, थंडीत तर जास्तच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. वाऱ्याच्या तोंडी सायकल मारलेल्याला हे सांगायला नको.

आणि सोलापूरकराचा प्रवास काही मुंबईत सुरू होत नाही. जुळे सोलापूरच्या घराला कुलूप लावले रात्री साडेनऊला. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी दादर, मग विमानतळावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे सांभाळत बसणे. मुलाच्या दाराची बेल वाजवली तेव्हा एचएमटीत पहाटेचे दोन वाजले होते. साडेअठ्ठावीस तास. भाकरीचे मात्र तुकडे झाले होते, ते सौ.ने मला अजून ऐकवणे सोडलेले नाही.

तेव्हा दुरुस्ती छापाल तेव्हा वेळ एकाच घड्याळाची धरा, आणि जातानाची व येतानाची वेगवेगळी द्या, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त गार्ड, जुळे सोलापूर