उत्तरेचा बाण कुठे आहे?

संपादक महोदय,

वास्तुविशारद ‘ल कॉर्बुझिए आज असता तर’ ही कल्पना रंगवणारा रविवार पुरवणीतला लेख वाचला. सोबत संगणकावर केलेले चित्रही होते : पीळ घातलेला काचेचा मनोरा आणि मजल्यामजल्यावर झाडे. मी छत्तीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कल्पनांच्या रेघा ओढल्या. सवयीने नजर आधी कोपऱ्यात गेली. इमारतीची उत्तर बाजू कोणती ते दाखवणारा उत्तरेचा बाण नव्हता.

काचेची हौस या माणसाने चाळिशीतच भागवून घेतली होती आणि ती अंगाशीही आली होती. पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेसाठी त्याने बांधलेले निराधारांचे वसतिगृह 1933 मध्ये उघडले. दक्षिणेला अख्खी काचेची भिंत आणि तिच्यात उघडणारी खिडकी नाही. मूळ बेत दुहेरी काचेचा आणि यंत्राने थंड केलेल्या हवेचा होता. पैसे पुरले नाहीत, काच एकेरी लागली आणि थंडाव्याची यंत्रणा बसलीच नाही. उन्हाळ्यात आतली माणसे उकडून निघाली. खिडक्या करायला स्वारी बरेच दिवस तयार नव्हती. अखेर त्या कराव्याच लागल्या आणि महायुद्धानंतर काचेपुढे ऊन अडवणारी जाळी आली.

मला हे कळते, कारण आमच्या ऑफिसातूनही पश्चिमेला काच असलेली एक इमारत बाहेर पडली होती. तिच्या खिडक्यांचे तपशील माझ्या हातचे. वर्षभराने बघायला गेलो, तर आतून काचांना वर्तमानपत्रे चिकटवलेली! (आपले होते की नाही, ते पाहायचे राहून गेले.)

चंडीगड शहर आखण्याचे काम हाती आले तोवर तो शहाणा झाला होता. त्या सुमारास त्याच्या ऑफिसात हवामानाचा एक तक्ता तयार झाला. वर्षातले महिने एका बाजूला आणि त्यांच्यासमोर तापमान, दमटपणा, वारा, उष्णतेचे प्रारण, म्हणजे तापलेल्या वस्तूंची धग. त्याखाली कोणत्या महिन्यात काय सुधारणा हवी आणि ती इमारतीच्या कोणत्या अंगाने साधायची. तिथल्या उच्च न्यायालयावर छताच्या वर आणखी एक छत आहे, मधून वारा खेळतो. असा तक्ता हाताने भरणे म्हणजे काय, हे ज्याने ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई ब्लेडने खरवडली आहे त्यालाच ठाऊक. आज तेच गणित संगणक एका दुपारी करतो. मला वाटते, आज त्याने सगळ्यात आधी हाच प्रोग्राम मागितला असता. चित्रे रंगवणारा प्रोग्राम त्याला कशाला हवा? सकाळचा वेळ तो स्वतःच चित्रे रंगवण्यात घालवायचा.

खरी पंचाईत झाली असती ती काँक्रीटची. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातली त्याची 337 घरांची इमारत म्हणजे उघड्या काँक्रीटचा डोंगरच. आज सिमेंटचा वाटा जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात साधारण 8 टक्के आहे. त्यातला मोठा भाग भट्टीच्या इंधनातून नव्हे, भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतूनच निघतो. म्हणजे भट्टी सूर्यावर चालवली तरी त्यातून सुटका नाही. मग ल कॉर्बुझिए लाकडाकडे वळला असता का? भूमध्य समुद्राकाठी त्याने स्वतःसाठी बांधलेली खोली लाकडाचीच आहे, 3.66 मीटर लांब आणि तेवढीच रुंद. उन्हाळ्यात तो तिथे राहत असे. मनोऱ्याऐवजी त्या खोलीचे चित्र छापले असते तर लेख जास्त पटला असता.

एका बाबतीत मात्र लेखकाने त्याला उगाच सज्जन केले आहे. जुन्या वस्त्या सांभाळून तो नवे बांधेल, हे मला पटत नाही. 1925 मध्ये याच गृहस्थाने पॅरिसचा मध्यभाग पाडून तिथे साठ-साठ मजल्यांचे 18 मनोरे उभे करण्याची योजना मांडली होती. हवामानाचा तक्ता हाताशी आला म्हणून ती खोड गेली असती, असे मानायला मी तयार नाही.

असो. पुढच्या वेळी चित्र छापाल तेव्हा कोपऱ्यात उत्तरेचा बाण तेवढा असू द्या. मग ती काच कुठल्या उन्हात तापणार, ते आमचे आम्ही पाहून घेऊ.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन