टक्क्यांच्या शेजारी डोकीपण छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत कॉलेजांचा जो तक्ता आला होता ना, पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली आणि शेवटी किती ग्रॅज्युएट झाली त्याचा, तो बघून हे पत्र लिहितेय. तळाची पाचही कॉलेजं छोटी, आणि खाली तुमची ओळ की लहान कॉलेजांनी आत्मपरीक्षण करावं. करावं की, नको कोण म्हणतंय. पण मी 26 वर्षं असल्याच एका छोट्या कॉलेजच्या ऑफिसात रेकॉर्डचं काम केलंय, त्यामुळे तक्ता दिसला की आधी माझी नजर जाते ती त्या टक्क्यांमागे एकूण किती मुलं आहेत त्याच्याकडे, आणि तुम्ही तोच कॉलम दिलेला नाहीये.

साधं गणित बघा. बॅच 40 ची असेल तर एक मुलगा म्हणजे अडीच टक्के. चार जणं गेली की कॉलेज डायरेक्ट दहा टक्क्यांनी खाली. तीच चार जणं 2000 च्या बॅचमधून गेली तर 0.2 टक्के, कुणाच्या लक्षातपण येणार नाही. म्हणजे एका वर्षी एकत्र राहणाऱ्या तीन मैत्रिणींनी मिळून कॉलेज सोडलं की तुमच्या तक्त्यात आमची घसरण, पुढच्या वर्षी तसं काही झालं नाही की सुधारणा, आणि मधल्या काळात कॉलेजनं काही म्हणजे काही केलेलं नसतं.

दुसरं म्हणजे हा आकडा मोजतात कसा ते कुणी सांगतच नाही. अमेरिकेत 1990 मध्ये कायदाच केला, स्टुडंट राइट-टू-नो नावाचा, त्यात कॉलेजांनी ग्रॅज्युएशन रेट जाहीर करणं आलं. तिथला हिशोब असा की पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, फुल टाइम शिकणारी मुलं धरायची, आणि कोर्सच्या मुदतीच्या दीडपट वेळेत पास झाली तर मोजायची, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं. आता यात मजा अशी की एखादा मुलगा आपल्याकडून दुसऱ्या कॉलेजात गेला आणि तिथे झकास पास झाला तरी आपल्या रेटमध्ये तो पास नाहीच, आणि जिथे पास झाला त्यांच्याही या रेटमध्ये नाही, कारण तिथे तो पहिल्यांदा आलेला नव्हता. पोरगं डिग्री घेऊन बसलंय आणि हिशोबात कुणाचंच नाही! नंतर तिकडे पार्ट टाइम आणि बदलून आलेल्या मुलांचे आकडे वेगळे गोळा करायला लागले, आठ वर्षांपर्यंतचे, पण तक्त्यात चमकतो तो बहुतेक जुनाच आकडा. छोट्या कॉलेजला हे जास्त लागतं कारण आमच्याकडे विषयच मोजके, मुलाला दुसऱ्या वर्षी वेगळं काही शिकावंसं वाटलं तर तो जाणारच, आणि खरं तर जावंच त्यानं.

आता स्वतःचं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती कॉलेजची बाजू घेतेय. कॉलेज सोडण्याच्या फॉर्मवर एक ओळ असायची, सोडण्याचं कारण. दहातले आठ जण लिहायचे "घरगुती कारण". मी ते बघून रजिस्टरात उतरवायचे, शिक्का मारायचे, नेक्स्ट. कित्येक वर्षं. एकदा एक मुलगी दुपारी आली, खिडकीसमोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी सहज विचारलं की अगं घरी काय झालं, तर ती म्हणाली मॅडम काही नाही झालं, फीची थोडी बाकी होती म्हणून परीक्षेचा फॉर्म घेतला नाही, मग पेपर गेले, मग वर्ष गेलं, आता लहान मुलांबरोबर बसायला नको वाटतं. फॉर्म न घेणारी मीच होते हो. नियमच होता, बाकी असेल तर फॉर्म घ्यायचा नाही. पण ती बाकी किती छोटी होती ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं 2011 पासून हेच ओळखून अशा थोड्या पैशांवाचून अडकलेल्या मुलांना छोट्या छोट्या ग्रँट द्यायला सुरुवात केली, मुलानं अर्ज करायची वाट न बघता. आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा 2007 चा एक प्रोग्राम आहे, एसॅप म्हणतात त्याला, दोन वर्षांच्या डिग्रीच्या मुलांसाठी. पुस्तकं, प्रवासाचा पास, फीमधली तूट तर दिलीच, पण मला आवडली ती गोष्ट म्हणजे एका सल्लागाराकडे तेव्हा 60 ते 80 मुलं असायची, बाकीच्या मुलांना तिथे 600 च्या वर मुलांमागे एक सल्लागार असायचा. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं निवडून तपासलं तर तीन वर्षांत या प्रोग्राममधली 40 टक्के पास झाली, बाहेरची 22. यावर आमच्यासारखे म्हणतील की आमच्याकडे मुलंच एवढी कमी, आम्ही सगळ्यांना ओळखतो. नाही हो, चेहऱ्यानं ओळखतो. तो तीन आठवडे आला नाही म्हणून फोन करायचा हे कुणाचं काम होतं ते शेवटपर्यंत ठरलंच नाही, सर म्हणायचे ऑफिस बघेल, ऑफिस म्हणायचं सर बघतील.

अजून एक भीती वाटते. नुसत्या टक्क्यांवर नाचवलं ना तर कॉलेजं सोपा रस्ता काढतील, कच्च्या मुलांना ॲडमिशनच द्यायची नाही. रेट लगेच वर, पुढच्या वर्षी तुमच्या तक्त्यात पहिला नंबर. नोकरी करून शिकणारा, मधे वर्ष गेलेला, घरातला पहिलाच कॉलेजात येणारा, तो मग जाणार कुठे?

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी टक्क्यांच्या शेजारी बॅचमध्ये मुलं किती होती ते छापा, एका वर्षाऐवजी चार-पाच वर्षांचा मिळून आकडा द्या, आणि दुसरीकडे जाऊन शिकत असलेली मुलं वेगळ्या खान्यात दाखवा. जागा नसेल तर ती रंगीत वर्तुळं काढून टाका, त्यातून तसंही काही कळत नाही.

आणि हो, तक्त्यात वरून सातव्या कॉलेजचे पास झालेले आणि सोडून गेलेले मिळून 100 च्या वर जातायत. तेवढं कुणाला तरी तपासायला सांगा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त कॉलेज क्लार्क