आंबोलीचा भेक आणि बुटाच्या चिखलातली बुरशी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

पहिला दमदार पाऊस झाला की आंबोलीच्या सड्यावर (कातळी पठारावर), कातळातल्या उथळ डबक्यांत, कुशीवर पिवळसर पट्टे असलेले अंगठ्याएवढे भेक जमतात. मोजक्या दिवसांत वीण उरकते आणि ते दिसेनासे होतात. हा आंबोली टोड. शास्त्राला तो २००९ मध्ये माहीत झाला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. आंबोलीचा परिसर सोडून तो फारसा कुठे सापडत नाही.

त्याच्या अगदी उलट स्वभावाची, बेडकांना रोग लावणारी कायट्रिड बुरशी. तिला गाव नाही, सीमा नाही. तिचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीतल्या केराटिन या चिवट प्रथिनावर वाढतात. बेडूक पाणी आणि क्षार बरेचसे कातडीतून घेतो-सोडतो. ती बिघडली की रक्तातले सोडियम-पोटॅशियम घसरते आणि हृदय बंद पडते. भैकेराला (बेडकाच्या पिल्लाला, टॅडपोलला) केराटिन फक्त तोंडाशी, म्हणून तो तगतो आणि बेडूक झाल्यावर मरतो. २०१९ च्या जागतिक आढाव्यात या रोगाने ५०१ जातींची घट आणि ९० जाती बहुधा नामशेष झाल्याची नोंद आहे.

आपल्याकडे असे मृत्युसत्र दिसलेले नाही. पण उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ही बुरशी आढळल्याचे २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. तिला १७ ते २५ अंश मानवते, म्हणजे आंबोलीचा पावसाळाच. पूर्ण कोरडे झाले की ती मरते, पण आंबोलीत त्या दिवसांत रुमालसुद्धा वाळत नाही!

रात्री बेडूक बघायला येणारे हौशी लोक (त्यांच्यात मीही आहे) एका घाटातला चिखल बुटांना लावून दुसऱ्या घाटात जातात. त्यांना अडवू नका. सड्याच्या वाटेवर बूट घासून जंतुनाशकात बुडवायची सोय करा. विणीच्या दिवसांत घाटातली रात्रीची वाहने हळू जातील असे बघा, कारण चाकाखाली मरणारे भेक कुठल्याही बुरशीची वाट बघत नाहीत. दरवर्षी स्वॅब तपासणीसाठी कायमचा निधी ठेवा. एका माशासाठी आंबोलीतलेच हिरण्यकेशी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाले, तेव्हा आपल्या खात्याला हे अवघड नाही.

परिपत्रक मे महिन्यातच निघावे. जुलैत निघाले तर वीण आटोपलेली असेल.

आपला,
सड्यावर नेहमी येणारा एक नागरिक