जोखीम मोजणारी माणसे कोकणातच तयार व्हावीत

महोदय,

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील वाणिज्य शाखेची मुले पदवी घेईपर्यंत जमाखर्च, टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे शिकतात. परंतु दिलेले कर्ज कोणत्या परिस्थितीत बुडेल, किती बुडेल आणि ते बुडाल्यावर संस्थेच्या हाती काय उरेल, याचा हिशेब मांडायला त्यांना फारसे कोणी शिकवत नाही. आर्थिक जोखमीचे व्यवस्थापन हा आज स्वतंत्र पेशा आहे आणि त्याची गरज मुंबईतील मोठ्या बँकांइतकीच आमच्याकडील पतसंस्थांनाही आहे. नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढल्यामुळे मला या विषयाची तळमळ वाटते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तेथील एखाद्या पतसंस्थेची कर्जयादी डोळ्यांसमोर आणावी. किराणा दुकानाचे कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरील खेळते कर्ज), टेम्पोचे वाहन कर्ज, तळमजल्यावरील सदनिकेचे गृहकर्ज अशी निरनिराळी खाती पाहून जोखीम विभागली गेली आहे असे वाटते. मात्र दुकान, टेम्पो आणि सदनिका एकाच पूररेषेच्या आत असतील, तर कर्जदाराचे उत्पन्न थांबते त्याच दिवशी तारण दिलेला मालही चिखलात जातो. हे जोखमीचे केंद्रीकरण ताळेबंदात दिसत नाही. ते पाहायचे तर कर्जयादीशेजारी गावाचा नकाशा ठेवावा लागतो.

त्याच यादीत मालाच्या विम्याची रक्कमही तपासावी लागते. दुकानात २० लाखांचा माल असताना विमा १० लाखांचाच उतरवला असेल आणि नुकसान ६ लाखांचे झाले, तर पॉलिसीतील सरासरीच्या कलमामुळे (मालाच्या जितक्या हिश्श्याचा विमा, नुकसानीच्या तितक्याच हिश्श्याची भरपाई) भरपाई निम्म्यावर, म्हणजे ३ लाखांवर येते. नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, मग सगळे पैसे मिळतील, असे दुकानदाराला वाटते आणि कर्ज मंजूर करणाऱ्यालाही पुष्कळदा तसेच वाटते. याला अवघड गणित लागत नाही. गणपतीच्या तोंडावर दुकानातला साठा वाढतो, तेव्हा विम्याची रक्कम वाढली की नाही हे पाहणारा जाणता माणूस मात्र लागतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड भागातील सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या केल्या. नवी सुपारी फळावर यायला काही वर्षे जातात, तर संस्थेतील ठेवी बहुधा वर्ष-दोन वर्षांत परत मागितल्या जातात. येणी लांबलेली आणि देणी जवळ आलेली, ही रोखतेची जोखीम. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तीही दीर्घ मुदतीच्या रोख्यांत पैसा अडकल्यामुळे आणि ठेवीदार एकदम दारात आल्यामुळेच. बँकेतील ठेवींना निदान ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही, आणि म्हणून पतसंस्थेत ही जाण अधिकच हवी.

या पेशाचे शिक्षण मिळत नाही असे नाही. एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) ही आर्थिक जोखमीच्या व्यवस्थापनाची जगभर मान्य असलेली परीक्षा दोन भागांत होते आणि प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा संबंधित अनुभवही लागतो. पाताळगंगा येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, शेअर-रोख्यांच्या बाजाराचे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचा परिसर आहे. परंतु पुस्तकातील सूत्रांची मर्यादाही मुलांना कळायला हवी. ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’चा आकडा शंभरांपैकी नव्याण्णव दिवशी तोटा किती रकमेच्या आत राहील एवढेच सांगतो, उरलेल्या एका दिवशी तो किती असेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. कोकणाला त्या एका दिवसाचीच भीती आहे.

याहून कठीण भाग धैर्याचा आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. संचालकांच्या ओळखीच्या कर्जदाराला आणखी रक्कम देऊ नये, असे लेखी नोंदवणारा अधिकारी संस्थेत असला पाहिजे आणि त्याची नोंद दडपता येऊ नये.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आमच्या महाविद्यालयांनी ती जागा यासाठी वापरावी. स्थानिक पतसंस्थेने नावे वगळून आपली कर्जयादी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, त्यांनी ती २०२१ च्या पूररेषेवर मांडावी, विम्याची रक्कम ताडून पाहावी आणि अहवाल थेट संचालक मंडळाच्या बैठकीत सादर करावा. त्यांतील तयार विद्यार्थ्यांना जोखीम अधिकारी म्हणून नेमण्यासाठी जिल्ह्यातील सहकारी संस्थांनी, एकट्या संस्थेला पगार परवडत नसेल तर चार-पाच संस्थांनी मिळून, एक पद निर्माण करावे.

– एक निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी