मेंदूच्या संशोधनात आपली माणसं कुठेत?

संपादक साहेब, डिमेन्शियाच्या (म्हातारपणी स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराच्या) नव्या औषधांच्या बातम्या हल्ली सारख्या येतात, पण ज्या मेंदूंवर आणि डीएनएवर हे शोधलं जातं ते बहुतेक युरोपियन वंशाच्या गोऱ्या लोकांचे असतात हे कोणी सांगतच नाही. एपीओई-४ या जीनच्या प्रकाराचंच बघा ना, जपान्यांमध्ये त्याने अल्झायमरचा, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, धोका जास्त वाढतो, आफ्रिकन वंशाच्यांत गोऱ्यांपेक्षा कमी, मग आपल्या कोळी, पारशी, बोहरी म्हाताऱ्यांचं काय? देशात डिमेन्शियाचे साठीपुढचे अंदाजे ८८ लाख पेशंट आहेत! बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत ब्रेन बँक आहे, म्हणजे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपून ठेवायची सोय, इकडे नेत्रदानाबद्दल सगळे बोलतात, मेंदूदानाबद्दल मात्र चकार शब्द नाही. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांनी यात पुढाकार घ्यावा, फक्त घरच्यांना आधी नीट मराठीत समजावून सांगा, घाईघाईत फॉर्मवर सह्या नकोत.

– एक वाचक, दादर