कॉम्रेड्सच्या बातमीत नुसते मेडलचे फोटो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. दरवर्षी कॉम्रेड्स मॅरेथॉन झाली की आपल्याकडचे लोक मेडल दाताखाली धरून उभे, हेच फोटो सगळीकडे येतात, पण साउथ आफ्रिकेतल्या या रेसबद्दल बातमीत काहीच नसतं. अहो, १९२१ पासूनची रेस आहे ही, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत सुरू झालेली, जवळजवळ ९० किलोमीटर, एका वर्षी डर्बनहून चढ तर कधी पीटरमारित्झबर्गहून उतार. उतार म्हणजे सोपं असं समजू नका हं, मांड्यांची पार वाट लागते! आणि १२ तास झाले की एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो, मग दोन पावलं राहिलेला माणूससुद्धा बाद, मेडल नाही. अशांचाही फोटो छापा की कधीतरी.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, व्हिसाचं लवकर बघा, आणि चढाची प्रॅक्टिस साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात करा, सपाट रोडवर पळून रेसच्या वाटेतली पॉली शॉर्ट्सची टेकडी चढता येत नसते. पीटरमारित्झबर्गला गेलातच तर स्टेशनवर पण जाऊन या, १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच.

आपला,
एक हौशी रनर, सातारा